ओळख देणाऱ्याची सही

१९८४ साली मी बँकेत लागले, तेव्हा खातं उघडायच्या फॉर्मवर खाली एक रकाना असायचा : ओळख देणाऱ्याची सही. ज्याचं आधीपासून त्याच बँकेत खातं आहे अशा माणसाने सही करायची आणि सांगायचं, की या गृहस्थांना मी अमुक इतकी वर्षं ओळखतो. त्या एका सहीसाठी लोक कोणाकोणाला धरून आणायचे. घरमालक, शाळेतले मास्तर, किराणा दुकानदार. एकदा एक नवरामुलगा सासऱ्यांना घेऊन आला. सासऱ्यांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि आमच्यासमोर त्याला विचारलं, "पगार खरंच इथे जमा होणारेय ना?" काउंटरमागे आम्ही तिघी लेजरमध्ये तोंड खुपसून हसत होतो.

पुढे तो रकाना गेला. २००२ पासून केवायसीचा जमाना सुरू झाला. तुमचा ग्राहक ओळखा. माणसाच्या शब्दाऐवजी कागद आले : पॅन, रेशनकार्ड, लाइटबिल, मग आधार. मी छत्तीस वर्षं हेच केलं म्हटलं तरी चालेल. समोरचा माणूस तो म्हणतो तोच आहे का, हे बघितलं. नमुना सहीच्या कार्डावर 'र'चं शेपूट डावीकडे वळलंय आणि चेकवर उजवीकडे, म्हणून चेक परत केलेत. फोटोतली मिशी आणि समोरची मिशी जुळत नाही म्हणून चांगल्या चांगल्या माणसांना ताटकळत ठेवलंय.

या सगळ्यात एक प्रश्न मला कधी पडला नाही. बँकेने ग्राहकाला ओळखायचं हे ठीक. ग्राहकाने बँकेला कसं ओळखायचं? तेव्हा तो पडायचं कारणही नव्हतं. बँक म्हणजे एक इमारत होती. दाराशी बंदूकवाला मामा, आत जाळी, जाळीमागे मी, आणि हातात पितळेचं टोकन. अशा बँकेचं सोंग कोण आणि कसं घेणार? मग ती इमारत फोनमध्ये शिरली. जाळी गेली, मामा गेला, टोकन गेलं. उरला एक आवाज. त्या आवाजाची नमुना सही आपल्यापैकी कोणाकडेच नाही.

हे शहाणपण मला नोकरीत असताना सुचलं नाही. दादामुळे सुचलं, आणि तेही निवृत्तीनंतर दोन वर्षांनी.

२०२२चा जुलै. वाईला पाऊस लागून राहिलेला. दादा आणि वहिनी तिथे दोघंच असतात. एक मुलगा पुण्यात, मुलगी परदेशी. वहिनींना फुप्फुसांचा त्रास आहे, घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असतो. त्याला सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. त्याची एक लय आहे, घुर्र-फस्, घुर्र-फस्, आणि त्या घरात चार दिवस राहिलं की ती ऐकू येईनाशी होते. थांबली तरच ऐकू येते. वीज गेली की इन्व्हर्टरवर ते मशीन फार वेळ तग धरत नाही. मग मोठा सिलिंडर काढायचा, चावी फिरवायची, नळी बदलायची. दादा ते करतो, पण दरवेळी हात थरथरतात.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याला मेसेज आला. मोडक्या इंग्रजीत. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा तोडण्यात येईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी बोला. खाली मोबाइल नंबर. त्या वर्षी हा मेसेज घरोघरी येत होता. आम्ही असे नंबर देऊन फोन करायला सांगत नाही, असं वीज कंपनीला जाहीर करावं लागलं होतं. पाठवणाऱ्याला दादाचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, मशीनबद्दल तर काहीच नाही. अंधारात मारलेला दगड. तो नेमका मशीनवर येऊन बसला.

दादाने बिल भरलं होतं. त्याची पावती फाइलमध्ये होती, पंच करून, तारखेवार. म्हणूनच तर त्याने फोन केला. बिल थकलेलं असतं तर तो मुकाट्याने भरायला गेला असता. भरलेलं होतं, म्हणून ते सिद्ध करायला गेला. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. उत्तर बरोबर असेल तर मार्क मिळालेच पाहिजेत, अशी त्याची धारणा.

पलीकडचा हिंदीत बोलत होता, मऊ आवाजात. हो सर, तुमचं पेमेंट दिसतंय, फक्त सिस्टिममध्ये चढलेलं नाही. दहा रुपये ऑनलाइन भरा, म्हणजे नोंद होईल. त्यासाठी एक ॲप घ्यावं लागेल. दादाला ॲप घेता येतं, आणि येतं याचा थोडा अभिमानही आहे. त्याने घेतलं. ॲपने नऊ आकडे दाखवले, ते त्याने सांगितले. मग कार्डावरचे सोळा आकडे, मुदत, पाठीमागचे तीन. "फोन कट मत कीजिए सर, कान से लगाए रखिए, नहीं तो अर्जी कॅन्सल हो जाएगी."

फोन कानाला, या गोष्टीवर मी नंतर फार विचार केला. फोन कानाला असतो तेव्हा त्याची काच आपल्याला दिसत नाही. गालाला लागून ती काळी होते. त्या ॲपमुळे दादाच्या फोनची काच मात्र पलीकडच्याला दिसत होती. एकामागून एक चार ओटीपी आले, चार वेळा टुंग वाजलं, आणि दादाला वाटलं सिस्टिममध्ये नोंद चढतेय. चार व्यवहारांत १,८६,००० रुपये गेले. शेवटी तो म्हणाला, "हो गया सर. अब लाइट नहीं जाएगी."

दादाने त्याला थँक यू म्हटलं. ही गोष्ट त्याने मला आत्तापर्यंत पाच-सहा वेळा तरी सांगितली आहे. पैशाचा आकडा एकदाच सांगितला, पण हे पुन्हा पुन्हा. "थँक यू म्हणालो गं मी त्याला."

मग त्याने फोन चार्जिंगला लावला, वहिनींसाठी खिचडी टाकली, आणि साडेनऊला खुर्ची ओढून बाहेरच्या खोलीत दिव्याखाली जाऊन बसला. न जाणो, नोंद झाली नसली तर? सिलिंडरची चावी खिशात. साडेनऊ वाजले. नऊ पस्तीस झाले. दिवा तसाच. मशीनची घुर्र-फस् तशीच. हुश्श करून तो उठला, फोन हातात घेतला आणि बँकेचे मेसेज वाचले.

हे त्याला गुरुवारी रात्री कळलं. मला त्याने सांगितलं रविवारी.

रविवारी फोन आला तेव्हा आधी माझ्या गुडघ्याची चौकशी झाली. मग सांगलीतला पाऊस. मग आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलंय. आमच्याकडे पावसाळ्यात हे हवापाण्याचं बोलणं नसतं, जीवन-मरणाचं असतं, म्हणून मीही तपशीलवार सांगत बसले. आणि मध्येच तो म्हणाला, "बेबी, एक हिशेब चुकलाय."

त्याने सगळं सांगून संपवलं तेव्हा माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "अरे पण ओटीपी कशाला दिलास?"

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. एक तर त्यात सगळा माझा तोरा होता, काउंटरच्या आतल्या बाजूचा. आणि दुसरं, ते खोटं होतं. तो म्हणाला, "मी कोणालाही सांगितला नाही ओटीपी." खरंच नव्हता सांगितला. आम्ही शाखेत जो फलक लावला होता, ओटीपी कोणालाही सांगू नका, तो दादाने तंतोतंत पाळला होता. रिझर्व्ह बँकेने २००९च्या ऑगस्टपासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला ही दुसरी खूण सक्तीची केली, ती फार चांगली सोय आहे, चोरांची मोठी वाट तिने बंद केली. पण आम्ही लोकांना ओटीपी 'सांगायचा' नाही एवढंच शिकवलं. तो दिसतोही, हे शिकवलं नाही. त्या मेसेजमध्ये सहा आकड्यांच्या आधी किती रुपये आणि कोणाला जातायत तेही लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतो? मीसुद्धा आकडेच बघत आले. ते वाचायची सवय मी त्या रविवारी लावून घेतली.

१९३० हा नंबर मी त्याला लावायला सांगितला. फसवणूक झाल्या झाल्या तिथे कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेलेत तिथेच गोठवता येतात. चोर जितका पुढे, तितकी आशा कमी. दादा तीन दिवस मागे होता. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी दिलं, सायबर पोलिसांकडे जाऊन जबाब दिला. ४१,००० रुपये कुठल्याशा एका खात्यात अडकलेले सापडले, ते न्यायालयाच्या आदेशानंतर बऱ्याच महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले ते गेले.

तीन दिवस का गप्प राहिलास, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही. दिवाळीत विचारलं. म्हणाला, "दोन पेपरांत एकच चूक दिसली की कॉपी पकडायचो मी. तेहतीस वर्षं. पोरांना काय सांगू?" पोरं म्हणजे स्वतःची दोन नव्हेत, त्याच्या हाताखालून गेलेली सगळी. वाईच्या बाजारात दर चौथा माणूस त्याला 'सर' म्हणून हात करतो.

इथे मला बँकेतली म्हणून एक नियम सांगायलाच हवा, कारण लाजेचा आणि त्याचा थेट संबंध आहे. रिझर्व्ह बँकेचं २०१७च्या जुलैमधलं परिपत्रक आहे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, गळती तिसरीकडेच कुठेतरी झाली, आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भुर्दंड. आणि दादासारखं, तुमच्याच हातून माहिती गेली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे घड्याळ थांबतं ते तुम्ही तोंड उघडल्यावर. भामट्याला हे पक्कं माहीत असतं. आपली लाज त्याच्यासाठी पहारा देते.

पैसे जातात कुठे, हे मला सांगता येईल, आणि ते सांगताना मला माझीच एक दुपार आठवते. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची. एक मुलगा खातं उघडायला आला. एकोणीस वर्षांचा असेल, हाताला सिमेंट लागलेलं, सही करताना जीभ बाहेर. सगळे कागद अस्सल. आधारवरचा फोटो तोच, अंगठा जुळला. मी मोबाइल नंबर विचारला तर त्याला आठवेना. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर स्कूटरवर एक माणूस बसला होता. मुलगा उठून गेला, चिठ्ठीवर नंबर लिहून घेऊन आला. मला काहीतरी खटकलं. पण रांगेत बारा माणसं होती, सर्व्हर दर दहा मिनिटांनी झोपत होता, आणि कागदात बोट ठेवायला जागा नव्हती. मी खातं उघडलं. कार्डाचं पाकीट त्याने माझ्या डोळ्यांदेखत स्कूटरवाल्याच्या हातात दिलं.

अशी खाती भाड्याने घेतलेली असतात. मुलाला दोन-पाच हजार मिळतात. दादाचे पैसे अशाच कोणाच्या तरी खात्यात उतरले, तिथून तुकडे होऊन दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांत पांगले आणि शेवटी एटीएममधून कोणीतरी काढले. पोलीस माग काढत जातात तेव्हा पहिल्यांदा हा सिमेंटचे हात असलेला मुलगाच सापडतो. माझी केवायसी चोख होती. मुलगा तो म्हणत होता तोच होता. ओळख देणाऱ्याच्या सहीचा जुना रकाना असता तर स्कूटरवाल्याला आत येऊन सही करावी लागली असती, एवढं मात्र वाटून जातं. आता हे निवृत्त माणसाचं रडगाणं आहे, मला कळतं. जुन्या रकान्यावरही लोक वाटेल तशा सह्या ठोकायचेच.

यानंतर दोन वर्षं मी आमच्या गल्लीतली तज्ज्ञ होते. विश्रामबागेतल्या आमच्या भिशीत तर माझं व्याख्यानच झालं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात; कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर असतो तो लावा. लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर ती उघडू नका, ते ॲप असतं, पत्रिका नव्हे. बायका माना डोलवत होत्या. मीही माझ्यावर खूश होते.

आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मला फोन आला.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. जिवंत आहोत हे दरवर्षी सांगावं लागतं. माझा गुडघा धरला होता म्हणून दाखला राहिला होता. फोनवरचा मुलगा मराठी होता, स्वच्छ, थोडा पुणेरी. माझं पूर्ण नाव, निवृत्तीचा महिना, शेवटची शाखा, सगळं त्याला माहीत. "मॅडम, तुम्हाला शाखेत यायला त्रास नको, फोनवरच करून टाकू. ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख सांगता?"

मी सांगितली. घडाघडा. आज विचार करते तर लक्षात येतं, ते उत्तर माझ्या तोंडातून यंत्रासारखं का आलं. हाच प्रश्न, याच सुरात, मी स्वतः हजारो लोकांना विचारलेला. खरी बँकसुद्धा आपल्याला फोन करते आणि वर आपलीच ओळख मागते. फोन त्यांनी केला, दारात ते आले, आणि नाव-गाव विचारायचं आम्हाला! अंगणात आलेल्या अनोळख्या माणसाला माझी आजी "कोण गं बाई तुम्ही, कुठल्या?" असं विचारल्याशिवाय पाणी द्यायची नाही. आम्ही बँकवाल्यांनी तीस-चाळीस वर्षं खपून लोकांची ही सवय मोडली.

मग त्याने खात्याचे शेवटचे चार आकडे विचारले. तेही सांगितले. "आता एक सहा आकडी नंबर आला असेल बघा..."

आणि दूध उतू गेलं.

गॅसवर ठेवलेलं मी विसरले होते. तो चर्र आवाज आणि करपट वास एकदम आला, मी "एक मिनिट हं" म्हणत फोन ओट्यावर टाकला आणि बर्नरकडे धावले. गॅस बंद केला, फडकं घेतलं, पुसायला लागले. पुसता पुसता नजर ओट्यावरच्या फोनवर गेली. काच वर होती. त्यावर मेसेज होता : नवीन मोबाइलवर तुमचं बँकिंग सुरू करण्यासाठी हा नंबर. हयातीच्या दाखल्याचं त्यात नावही नव्हतं. हातात दुधाचं फडकं घेऊन मी ते दोनदा वाचलं. फोनमधून बारीक आवाज येत होता, "मॅडम? मॅडम, आहात ना?"

मी त्याला शिव्या दिल्या असं सांगायला मला आवडलं असतं. मी म्हणाले, "मी नंतर करते हं," आणि फोन ठेवला. शिवाय 'सॉरी'ही म्हणाले असेन, मला नक्की आठवत नाही. मग खाली बसले. छत्तीस वर्षांचा अनुभव, भिशीतलं व्याख्यान, दादाचा धडा, कशाने काही झालं नव्हतं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाने मला वाचवलं.

दादाला फोन करून सांगितलं तेव्हा तो हसला. त्या जुलैनंतर या विषयावर पहिल्यांदाच हसला, आणि बराच वेळ हसला. मला बरं वाटलं.

वर्तमानपत्रं अशा लोकांना 'तोतया' म्हणतात : तोतया पोलीस, तोतया अधिकारी. मराठीत या शब्दाला मोठा इतिहास आहे. पानिपतावर १७६१च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांनी एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत गेला. तरी रत्नागिरीच्या कैदेतून सुटला तो ज्यांनी त्याला राखायचं त्यांच्याच मदतीने, कारण त्यांना तो खराच भाऊ वाटला. मग फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६मध्ये त्याला पकडून पुण्यात देहदंड झाला, तेव्हा कुठे ते बंड मिटलं. मला त्या तोतयाचं फारसं कौतुक नाही. मला नवल वाटतं त्याला मुजरा करणाऱ्यांचं. पानिपताला पंधरा वर्षं होत आली होती. पण घराघरांतून माणसं गेलेली, कित्येकांची प्रेतं मिळालेली नाहीत, आणि भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. भाऊ परत यावेत ही इच्छा हवेतच होती. तोतयाला चेहरा तेवढा पुरवायचा होता. दादाला मशीन चालू राहायला हवं होतं, मला गुडघा घेऊन शाखेच्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या. आमच्याकडे येणाऱ्यानेही तेवढंच पुरवलं.

आता तर तोतये कुठवर पोचलेत! 'डिजिटल अरेस्ट'वाले वर्दी घालून व्हिडिओ कॉलवर बसतात, मागे तिरंगा, भिंतीवर बोधचिन्ह, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरात दिवसेंदिवस कोंडून ठेवतात. असली अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांनी २०२४च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कारण अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला दाखवलेले आदेश आणि शिक्के खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे होते, सगळे बनावट.

उशिरा का होईना, ओळख उलट्या दिशेने मागायला सुरुवात झालीय. २०२५च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की खात्याच्या कामासाठी ग्राहकाला फोन करायचा तर १६००ने सुरू होणाऱ्या नंबरावरून करा. जाहिरातबाजीसाठी १४० वेगळा. कोणी साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणाला, की तिथेच संशय घ्यायला जागा झाली. बँकांची संकेतस्थळंही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर आणायची होती. हा पत्ता बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटीही आता एक अक्षर येतं, सरकारी असेल तर जी, व्यवहाराचा असेल तर टी, सेवेचा असेल तर एस, जाहिरातीचा असेल तर पी. मला हे सगळं त्या जुन्या रकान्यासारखं वाटतं. अखेर बँकेलाही कोणाची तरी सही आणायला लावली. अर्थात अडचण अशी, की हे आम्हा पेन्शनरांपैकी किती जणांना माहीत आहे? भिशीत मी विचारलं, तर एकीने १६०० म्हणजे मंगळसूत्राचा भाव का, असं विचारलं. ती चेष्टा करत होती. बहुतेक.

ज्यांना खरं कळलंय ती माणसं वेगळीच. मारुती चौकाजवळ मी ज्या मावशींकडून मेथी घेते, त्यांच्या पाटीशेजारी एक लहानसा डबा असतो, पैसे आले की मोठ्याने ओरडणारा. परवा एका पोराने मोबाइल त्यांच्यापुढे धरला, हिरवी बरोबरची खूण दाखवत. "मावशी, गेले बघा ऐंशी रुपये." मावशींनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीची गाठ हातात धरून बसल्या. "गेलं आसतील की. माझ्याकडं आलं न्हाईत." पोरगा म्हणाला, नेटवर्क स्लो आहे. "आसंल. बस मग हितं. डबा बोलल्याबिगर म्या पिशवी सोडत न्हाई." पोरगं बसलं. तीन-चार मिनिटांनी डबा बोलला. मावशींनी पिशवी दिली आणि वर कोथिंबिरीची काडी टाकली, ताटकळलास म्हणून. मी पाहत होते. छत्तीस वर्षांत मला एवढं सरळ जमलं नव्हतं : समोरच्याचा पुरावा समोरच्याच्या हातातला घ्यायचा नाही, आपल्या डब्यातला घ्यायचा.

दादाला ही गोष्ट सांगितली आणि तिथून त्याच्या डोक्यात आलं. आता म्हणे आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते. मुलाच्या आवाजात फोन येतो, अपघात झालाय, पैसे पाठवा. म्हणून त्याने घरात नियम केला : पैशाचं बोलणं निघालं, की कोणीही असो, आधी एक खूण विचारायची. जी कागदावर नाही, फोनमध्ये नाही, फक्त आपल्या डोक्यात आहे. मुलांसाठी एक, वहिनींच्या माहेरच्यांसाठी एक, आणि माझ्यासाठी आमच्या वाईच्या जुन्या घरातलं, मागच्या विहिरीतलं कासव. आमच्या लहानपणी होतं. त्याचं नाव काय?

परवा मी फोन केला. वहिनींच्या नव्या मशीनला निम्मे पैसे मी घालते म्हणत होते, तर खाते क्रमांक हवा होता.

"आधी कासवाचं नाव," दादा म्हणाला.

"अरे, मी आहे."

"नाव."

"गोप्या."

"चूक. बाळ्या."

"बाळ्या पहिला होता दादा, तो तू चौथीत असताना गेला. त्यानंतर घाटावरून आणला तो गोप्या. आपण सगळे ज्याला कुरमुरे टाकायचो तो गोप्या."

"एकच कासव होतं. बाळ्या."

"दादा, हद्द झाली आता, मला नंबर दे..."

फोन कट. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तर नुसतीच रिंग. शेवटी वहिनींच्या फोनवर लावला. मागे मशीनची घुर्र-फस् ऐकू येत होती, आणि वहिनींना हसताना धाप लागत होती.

"ते म्हणतायत," त्या म्हणाल्या, "ओळख पटली नाही."